झीलकऱ्याचे नाव

२०१८ हे अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, जन्मशताब्दीचे वर्ष. त्या दिवाळीत एका अंकासाठी मी त्यांच्यावर लेख लिहिला होता. लेख बरा उतरला आहे, असे माझे मत होते. ‘जॅझचा पाट अण्णांनी एकट्याने हिंदी चित्रपटसंगीताच्या शेतात वळवून आणला,’ अशा थाटाची चार-दोन वाक्ये त्यात होती आणि ती माझी मलाच आवडली होती. अंक आल्यावर मी लिंबायतीत चार घरी नेऊन दिला. त्यांतले एक घर आबांचे.

आबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. मूळचे साक्री तालुक्यातले. पोटासाठी सुरतेला आले, लूमवर लागले, आणि लग्नसराईत खाड्यावर खाडे करून बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागले. लिंबायत, उधना, डिंडोली या पट्ट्यात खानदेशातून आलेल्या माणसांची वस्ती दाट. लग्न म्हटले की बँड आला, आणि बँड म्हटला की एके काळी आबा आले. चार दिवसांनी आबा अंक काखेत धरून माझ्या ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. मग म्हणाले,

“मास्तर, तुमना लेख वाचा मी. बठ्ठं बरं शे. पन तो ट्रंपेट कोनी वाजाडा, ते कोठे शे?”

“कोणता ट्रंपेट, आबा?”

आबांनी उत्तर दिले नाही. ‘शोला जो भडके’मधला एक तुकडा त्यांनी तोंडाने वाजवून दाखवला. दात गेलेले, तरी स्वर जागच्या जागी. वाजवून झाल्यावर माझ्याकडे पाहत राहिले. मला उत्तर देता आले नाही. पाच पानांच्या लेखात मी अण्णांच्या ‘वाद्यमेळा’ची तोंड भरून स्तुती केली होती, पण तो मेळ ज्यांच्या फुफ्फुसांवर उभा होता त्यांतल्या एकाचेही नाव माझ्या लेखात नव्हते. आबांनी अंक माझ्या मांडीवर ठेवला आणि ते उठून गेले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरे वाटले असते.

आजचा हा लेख म्हणजे त्या लेखाची दुरुस्ती आहे. वाचकांनी तसाच तो वाचावा.

*

ज्या नावाचा मला पत्ता नव्हता ते नाव चिक चॉकलेट. खरे नाव आन्तोनियो शाव्हिएर वाझ. गोव्यातल्या आल्दोना गावी १९१६ साली जन्म, १९६७ साली मुंबईत मृत्यू. आयुष्य उण्यापुऱ्या एक्कावन्न वर्षांचे, आणि त्यातला मोठा भाग मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचाच्या दालनांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेलेला.

गोव्याचा माणूस ट्रंपेटकडे कसा वळला, हे समजून घ्यायचे तर पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चच्या शाळा आठवाव्या लागतात. तिथे प्रार्थनेच्या जोडीला संगीत शिकवत. पोराला अक्षर लावता येण्याच्या वयातच पाच रेघांवर लिहिलेले स्वर लावता येत. व्हायोलिन हाती येई, गळा चर्चच्या गायनवृंदात बसे. पुढे गोव्यात पोट भरेना, तेव्हा हीच विद्या घेऊन माणसे मुंबई गाठत. आमचा खानदेशी माणूस हातपाय घेऊन सुरतेला आला, गोव्याचा माणूस स्वरलेखन घेऊन मुंबईला गेला. दोघांच्याही गाठोड्यात भाकर सारखीच होती.

मुंबईत १९३० नंतरच्या दशकात वेगळेच वारे वाहत होते. १९३५ साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्डसारखा पियानोवादक आला. या मंडळींचे वादन गोव्याच्या पोरांनी जवळून ऐकले, काहींनी त्यांच्या शेजारी बसून वाजवले. कागदावरचे स्वर त्यांना येतच होते. कागदावर न मावणारे काय असते, ते त्यांनी इथे ऐकले.

चिक यांचे दैवत लुई आर्मस्ट्राँग. त्यांच्यासारखा ट्रंपेट, त्यांच्यासारखा घोगरा आवाज, घाम टिपायला त्यांच्यासारखाच हातात पांढरा रुमाल. ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ अशीच त्यांची ख्याती होती. ‘म्युझिक मेकर्स’ या नावाचा त्यांचा स्वतःचा ताफा होता. ताज, ग्रीन्स अशा अपोलो बंदरावरच्या हॉटेलांत तो वाजे. अनुकरणाला आपल्याकडे नाके मुरडतात. पण आपल्या घराण्यांत तरी शिष्याने पहिली दहा वर्षे गुरूचा आवाज चढवण्याखेरीज दुसरे काय केले? अनुकरणातून पुढे काय उगवले, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर ताजच्या दालनात सापडत नाही, ते आमच्या लग्नाच्या मांडवात सापडते. तिथे पोहोचायला मधला एक दुवा लागतो.

*

तो दुवा म्हणजे अण्णा. रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातले पुणतांबे. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली गायनाचे शिक्षण. १९३५ साली ‘नागानंद’ या चित्रपटात नायकाचे काम केले, ते चालले नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियम वाजवण्याची नोकरी. संगीतकार म्हणून सुरुवात तमिळ चित्रपटांपासून झाली आणि हिंदीतली वाट भगवान पालव यांच्या सोबतीने रुंद झाली. हे भगवान म्हणजे ‘अलबेला’चे भगवानदादा. गिरणीकामगाराचा मुलगा.

अण्णांचे कान मोकळे होते. विनायकबुवांच्या पठडीतला विद्यार्थी बेनी गुडमनच्या तबकड्या ऐके आणि त्याबद्दल त्याला लाज वाटत नसे. ही मोठी गोष्ट आहे. त्या काळी शास्त्रोक्त गाणे शिकलेल्या माणसाला इंग्रजी बाजा म्हणजे बाटल्यासारखे वाटे. अण्णांना ते नवे खेळणे वाटले. मात्र खेळणे आवडणे वेगळे आणि ते चालवता येणे वेगळे. अण्णा पेटीवर चाल बांधीत. त्या चालीत चार सॅक्सोफोन, तीन ट्रंपेट, क्लॅरिनेट, गिटार यांनी कुठे बोलायचे, कुठे गप्प बसायचे, कोणी वरचा स्वर धरायचा आणि कोणी त्याखाली अंथरूण घालायचे, हे कागदावर उतरवायला दुसरी विद्या लागते. ती आल्दोन्याहून आलेल्या माणसापाशी होती. चिक अण्णांचे सहायक झाले आणि हिंदी गाण्याला एक नवा आवाज मिळाला.

*

हा आवाज नेमका कसला, ते जरा सावकाश पाहू. कारण ‘जॅझचा प्रभाव’ एवढे म्हणून आपण समीक्षक मंडळी मोकळे होतो. मीही झालो होतो.

अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात ज्याला मोठा बँड म्हणत, त्यात पितळी वाद्यांचा एक गट, सॅक्सोफोन-क्लॅरिनेटचा दुसरा गट आणि पियानो, गिटार, बास, ड्रम यांचा ठेका धरणारा तिसरा गट असे. या गटांचा आपसांत संवाद चाले. एकाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या कामाच्या गाण्यांत आणि चर्चमधल्या भजनांत ही रीत होती. तीच बँडमध्ये आली.

आपल्याला ही रीत परकी आहे काय? शाहीर एक ओळ म्हणतो आणि मागचा झीलकरी शेवटचा शब्द उचलून उंच ताणतो. तमाशात, पोवाड्यात, भजनाच्या बारीत आपण हे जन्मापासून ऐकत आलो. ‘शोला जो भडके’मध्ये चितळकर आणि लता यांच्या ओळींमधल्या फटीत पितळी वाद्ये शिरतात, तेव्हा ती झील धरतात. खेड्यातल्या माणसाला ते गाणे परके वाटले नाही, याचे मर्म मला इथे दिसते. बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सगळी वाद्ये परदेशी. पण बोलाची रीत ओळखीची. अण्णांच्या चालीने त्या वाद्यांना दार उघडले आणि चिक यांच्या ट्रंपेटने आत येताना चपला बाहेर काढल्या.

दुसरी गोष्ट लयीची. आमच्या लिंबायतीत रात्रंदिवस लूमचा आवाज कानावर पडतो. खट-खट, खट-खट. सारख्या अंतराचा, न दमणारा, न थांबणारा. जॅझच्या ज्या लयीला स्विंग म्हणतात, ती याच्या अगदी उलट. तिच्यात दोन ठोके सारखे नसतात. पहिला जरा रेंगाळतो, दुसरा धावत येऊन त्याला गाठतो. लय तीच राहते, पण तिच्यात माणसाची चाल येते, खांदा हलतो. भगवानदादांचे पडद्यावरचे नाचणे आठवा. पाय जमिनीपासून फारसे सुटत नाहीत, हात अर्धेच वर जातात, सगळे अंग त्या रेंगाळत्या ठोक्यावर झुलते. गिरणीकामगाराच्या मुलाने यंत्राच्या लयीतून अंग सोडवून घेतले आहे, असे मला ते पाहताना नेहमी वाटते. बारा तास लूमवर उभा राहिलेला आमचा माणूस वरातीत त्याच चालीने नाचतो. त्याला कोणी शिकवलेले नसते.

चिक यांचा ताफा ‘अलबेला’मध्ये पडद्यावरही दिसतो. झालरी लावलेल्या पोशाखातली ती माणसे मी तीन वेळा पाहिली होती आणि तिन्ही वेळा ती मला सजावट वाटली होती. आबांनी प्रश्न विचारल्यानंतर चौथ्यांदा पाहिली, तेव्हा कळले की ज्यांचे संगीत मी ऐकत होतो तेच समोर उभे होते.

*

अण्णा-चिक यांच्या गाण्यांचा सगळाच माल अस्सल होता असे नाही. ‘समाधी’मधले (१९५०) ‘गोरे गोरे’ हे गाणे कार्मेन मिरांडाने १९४५ सालच्या एका अमेरिकन चित्रपटात गायिलेल्या गाण्यावर बेतलेले आहे. ही उचल आहे आणि तिला दुसरे नाव देण्यात अर्थ नाही. गाणे लोकप्रिय झाले म्हणून ती उचल राहत नाही, असे थोडेच आहे? पण त्याच्या शेजारी ‘शहनाई’मधले (१९४७) ‘आना मेरी जान’ ठेवा. तिथे शीळ आहे, साहेबी ऐट आहे, इंग्रजी शब्द आहेत, आणि त्या ऐटीची टर उडवणारी देशी बाई आहे. देश स्वतंत्र झाला त्याच साली लोकांनी साहेबाला गाण्यात बसवून हसून घेतले. संगीतही तोच खेळ खेळते. पाश्चात्य ठेका साहेबाच्या बाजूने बोलतो, देशी चाल त्याला उत्तर देते. उसन्या वाद्यांनी उसनेपणाचीच थट्टा करायची, ही पचवल्याची खूण.

दहा वर्षांनी ‘आशा’मध्ये (१९५७) ‘ईना मीना डीका’ आले. किशोरकुमार आणि आशाबाई, दोघांच्याही आवाजांत. जगभर रॉक अँड रोलची लाट होती आणि इथल्या समीक्षकांनी अर्थहीन शब्दांचे गाणे म्हणून नाक मुरडले. गाण्याच्या जन्माची गोष्ट अशी सांगतात की, अंगणात पोरे खेळताना काही तरी निरर्थक म्हणत होती, त्यावरून अण्णांना आणि त्यांचे सहायक जॉन गोम्स यांना पहिली ओळ सुचली. गोम्स गोव्याचे. ‘मला नको’ या अर्थाचे दोन कोंकणी शब्द त्यांनी त्यात घुसवले. हिंदी भाषकांनी ते निरर्थक म्हणून गायिले. आम्हा सीमेवरच्या माणसांना यातली गंमत जास्त कळते. सुरतेत आमची अहिराणी ऐकून लोकांना वाटते, हे काही तरी बिघडलेले मराठी आहे. जी भाषा ऐकणाऱ्याला येत नाही ती त्याला नुसता ठेका वाटते. त्या ठेक्यात गोव्याच्या माणसाने आपली सही करून ठेवली होती.

*

तर मग ही गाणी कोणाची? आबांच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे आणि मला त्याचे उत्तर सोपे करायचे नाही.

एक उत्तर माझ्या जुन्या लेखातले: सगळे अण्णांचे. अलीकडे याच्या अगदी उलट बोलणारे भेटतात. ते म्हणतात, संगीतकार नुसते पेटीवर गुणगुणत, खरे काम गोव्याच्या वादकांनी केले, नाव मात्र दुसऱ्याचे झाले. यात तथ्य किती? शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदामागे सेबॅस्टियन डिसूझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन शिकवीत आणि प्यारेलाल त्यांचे शिष्य. फ्रँक फर्नांड हॉटेलांतून ट्रंपेट वाजवीत स्टुडिओत आले आणि पुढे ‘आमचें नशीब’ (१९६३) हा कोंकणी चित्रपट त्यांनी काढला. १९४९ चा दारूबंदी कायदा आल्यावर मुंबईतल्या नाचाच्या दालनांना उतरती कळा लागली आणि वादकांचा लोंढा स्टुडिओकडे वळला. दिवसाला पैसे मिळत. तबकडीवर गायकाचे नाव असे, चित्रपटाचे नाव असे. फुंकणाऱ्याचे, तार छेडणाऱ्याचे नाव नसे. हे सगळे खरे.

पण यावरून ‘सगळे चिक यांचे’ असा निकाल देता येत नाही. त्याच ‘अलबेला’त लताबाईंची ‘धीरे से आजा री’ ही अंगाई आहे. पिलूतली ती चाल ट्रंपेटाला हात न लावता उभी राहते. ‘अनारकली’मधले (१९५३) ‘ये ज़िंदगी उसी की है’ भीमपलासीवर उभे आहे. ‘नवरंग’ (१९५९) घ्या, नाही तर १९६३ साली दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी गायिलेले कवी प्रदीपांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घ्या. हे सगळे अण्णांचे, आणि त्यात मोठा बँड कुठेच नाही. चाल बांधणारा माणूस भिकेवर जगत नव्हता.

आणि आता जी गोष्ट शोधताना मी थबकलो, ती सांगतो. चिक यांनी स्वतंत्रपणेही काही चित्रपटांना संगीत दिले. ‘नादान’ (१९५१), ‘रंगीली’ (१९५२), ‘कर भला’ (१९५६). ‘नादान’ आला तो ‘अलबेला’च्याच साली. माझी अपेक्षा होती की स्वतःच्या चित्रपटात हा माणूस ट्रंपेटची आतषबाजी करील. त्यात तलत महमूदचे ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ आहे. अनेक वर्षे मी हे गाणे रात्री ऐकत आलो. मखमली, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखे. ते चिक चॉकलेटचे आहे, हे मला ठाऊक नव्हते. आर्मस्ट्राँगचा रुमाल हातात घेणारा माणूस संधी मिळताच गझलेच्या वळणाचे गाणे बांधतो, आणि विनायकबुवांचा शिष्य पुणतांब्याहून येऊन बोंगो-सॅक्सोफोन वाजवून घेतो. कोणाचे कोणते, याची जी वाटणी मी मनात करून ठेवली होती ती इथे मोडली. गोव्याच्या माणसाकडे पाश्चात्य आणि पुणतांब्याच्या माणसाकडे देशी, असे खाते नव्हतेच. दोघांनाही दोन्ही हवे होते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या अंगणात आपली हौस भागवून घेतली.

नवापूरचे स्टेशन आपल्यापैकी सर्वांनी पाहिले आहे. फलाटावरचे ते बाकडे निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. सुरतेची गाडी पकडायला बसलेला माणूस कधी विचार करीत नाही की आपण कोणत्या राज्यात बसलो. बाकडे एकच असते. पण ते दोन्ही राज्यांचे आहे, हे मात्र तिथे लिहून ठेवलेले आहे. ‘अलबेला’च्या गाण्यांबाबत माझे म्हणणे एवढेच आहे. गाणे कापून दोन वाटण्या करू नका. पण ते दोघांचे आहे, असे लिहून ठेवा.

*

हे लिहून ठेवणे अशक्य नसते, याचा एक दाखला अमेरिकेतला. ड्यूक एलिंग्टन म्हणजे मोठ्या बँडच्या नायकांतले थोरले नाव. जन्म १८९९, मृत्यू १९७४. ताफ्यातला कोण वादक कोणता स्वर कसा लावतो हे ओळखून ते त्याच्यासाठी रचना करीत. १९३९ पासून बिली स्ट्रेहॉर्न हा रचनाकार त्यांच्याबरोबर होता. ‘टेक द ए ट्रेन’ ही एलिंग्टनच्या ताफ्याची ओळख झालेली धून. सारे जग ती एलिंग्टनची समजे, प्रत्यक्षात ती स्ट्रेहॉर्नची. तिथेही सावली मोठ्या झाडाचीच पडली. पण स्ट्रेहॉर्न वारला तेव्हा एलिंग्टनने त्याच्याच रचनांची एक तबकडी काढली आणि ती त्याच्या नावे वाहिली.

स्ट्रेहॉर्न वारला ते साल १९६७. चिक चॉकलेटही त्याच साली गेले. त्यांच्या वाट्याला अशी तबकडी आली नाही. आपल्याकडे असे ऋण फेडल्याचे ठळक उदाहरण एकच आठवते. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूचे नाव १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात घातले आणि अमिताभ बच्चनच्या तोंडून ते देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचले. लोकांना मात्र वाटले की हे नाव पात्राचे आहे.

आणि अण्णा? त्यांच्याशी कठोर होणे मला जमत नाही. या माणसाने संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर, सुरुवातीच्या काळात राम चितळकर, अण्णासाहेब, श्यामू अशी कितीतरी नावे वापरली. एका माणसाला इतकी नावे आणि त्याच्या मागे बसलेल्या माणसांना एकही नाही, हा त्या धंद्याचा रिवाज होता. अण्णांनी तो घातला नव्हता. पण मी तर धंद्यात नव्हतो. मी समीक्षक म्हणवत होतो. २०१८ साली माझ्यावर कोणाची सक्ती होती? मी ऐकले होते, पण विचारले नव्हते.

*

नाव शोधून काढल्यावर मी आबांकडे गेलो. “चिक चॉकलेट,” म्हणालो. आबा हसले.

“हे नाव शे का गोळी?”

मग मी खरे नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणवून घेतले, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मागितले आणि कागदाची घडी घालून क्लॅरिनेटच्या पेटीत ठेवली. ती पेटी २००६ च्या पुरातून वाचलेली. त्या ऑगस्टमध्ये सुरत पाण्याखाली गेली, तेव्हा माझ्या कॅसेटी गेल्या. आबांनी मात्र पेटी डोक्यावर घेऊन माळ्यावर चढवली होती. मी विचारले, “आबा, इतक्या वर्षांत तुमचे नाव कोणी विचारले?” ते म्हणाले, लग्नपत्रिकेत नवऱ्याचे नाव असते, मामाचे असते, बँडच्या गाडीवर मालकाचे असते. ताक्यावर शेठचा छाप असतो. “आपले नाव वाजते, मास्तर,” ते म्हणाले, “लिहिले जात नाही.” हे बोलताना आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांनी हिशेब सांगावा तसे सांगितले.

आबा आता नाहीत. त्यांचे नाव मी इथे देत नाही. तशी त्यांची इच्छा होती आणि या लेखात मला ती मोडवत नाही. हा लेखाचा विरोधाभास आहे, हे मला कळते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी तिला निरोप द्यायला आमची लिंबायत रस्त्यावर येते. डोईवर कानबाई घेतलेल्या बाया, फुगड्या, गुलाल आणि पुढे बँड. हल्ली बँडमध्ये की-बोर्डची गाडी पुढे असते आणि तिचे कर्णे ट्रंपेटाला गिळून टाकतात. तरी दोन-तीन पोरे अजून पितळ फुंकणारी आहेत. मागच्या वेळी देवीची गाणी संपल्यावर त्यांनी चौकात ‘शोला जो भडके’ धरले. वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा ट्रंपेटवर होता. मधली झील त्याने थेट तशीच घेतली, जशी आबांनी माझ्या ओट्यावर तोंडाने घेतली होती. त्याला ती कोणी शिकवली, त्याच्या गुरूला कोणी, असे करत मागे गेले तर वाट अपोलो बंदरावरच्या एका दालनात आणि तिथून आल्दोन्यातल्या एका शाळेत पोहोचते, असे माझ्या मनात आले.

बँड थांबला तेव्हा मी गर्दीतून त्याच्यापाशी गेलो आणि नाव विचारले. त्याने सांगितले, पण मागून ढोल सुरू झाला आणि मला ऐकू आले नाही. मी पुन्हा विचारले.